नोकरीचा अर्ज, पाकीट उघडणाऱ्याच्या बाजूनं

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी १९ वर्षं ऑफिस सांभाळलं. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, चहावाल्याचं बिल आणि येणारं टपाल, सगळं एकाच टेबलावर. रविवारच्या पेपरात आमची ‘पाहिजेत’ची जाहिरात आली की मंगळवारपासून पाकिटं यायला लागायची. ती कात्रीनं उघडायची, वाचायची आणि त्यातले चार-पाच अर्ज निवडून मालकांच्या टेबलावर ठेवायचे, हे माझं काम. पुढं पाकिटांची जागा ईमेलनं घेतली, आता व्हॉट्सॲपनं. मजकूर मात्र जागचा हलला नाही:

“वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करण्यास कारण की, आपल्या नामांकित कंपनीत जागा रिक्त असल्याचे समजते. मी गरीब व होतकरू उमेदवार असून मला नोकरीची नितांत गरज आहे. आपण दिलेले काम प्रामाणिकपणे व निष्ठेने करीन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.”

हे मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणून दाखवीन. लिहिणाऱ्याला दोष द्यावासा वाटत नाही. शाळेत आपल्याला अर्ज शिकवला तो मुख्याध्यापकांकडं रजा मागायचा, नाहीतर गल्लीत पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेला लिहायचा. दोन्हीकडं आपण मागणारे, समोरचा देणारा. ‘अर्ज करण्यास कारण की’ ही कचेरीची चाल आहे, मामलेदारासमोर टोपी काढून उभं राहिल्यागत. नोकरीसाठी लिहायला बसलं की हात आपोआप त्याच वळणानं जातो.

आता तोच कागद टेबलाच्या पलीकडून बघा. अकौंट्सची मुलगी लग्न होऊन गेली. बिलं साचलीत. सीएचा दिवसाआड फोन. मालकांना माणूस हवाय आणि तो काल हवा होता. अर्जदाराला नोकरीची जेवढी गरज, तेवढीच त्यांना माणसाची. अशा वेळी हातात जो कागद पडतो, त्यात लिहिलेलं असतं की अर्जदाराला नोकरीची नितांत गरज आहे. ते ठाऊकच आहे. गरज नसती तर अर्ज कशाला केला असता? टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं का, एवढं मात्र त्यात कुठंच नसतं.

बेळगावात लोखंडाचं काम जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले बरेचसे कारखानदार स्वतः एकेकाळी मशीनवर उभे राहिलेले. ‘कष्टाळू’, ‘जिद्दी’, ‘टीम प्लेअर’ असल्या विशेषणांनी ही माणसं हलत नाहीत. कुठल्या मशीनवर होतास, ड्रॉइंग वाचता येतं का, सेटिंग स्वतः करतोस की दुसऱ्यानं करून द्यावं लागतं, हे ते विचारणार. मग ते अर्जातच का लिहू नये?

बायोडाटा वेगळा, अर्ज वेगळा

कॉलेज रोडला कुठल्याही नेट सेंटरमध्ये गेलात की बायोडाटा टाइप करून मिळतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षणाचा तक्ता. त्याच्या २० झेरॉक्स काढायच्या आणि वाटत सुटायचं. बायोडाट्याचं तसं चालतं, कारण तो सगळ्यांसाठी एकच असतो. अर्जाचं चालत नाही. साडीच्या दुकानात कपाटभर माल असतो, तो बायोडाटा. गिऱ्हाइकानं “कॉटनमध्ये, गडद रंगात, रोजच्या वापराची” म्हटल्यावर दुकानदार त्यातल्या ज्या तीन साड्या गादीवर उलगडतो, तो अर्ज. सगळं कपाट उपसून ठेवणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक थांबत नाही.

म्हणून आधी जाहिरात नीट वाचायची, पेन घेऊन. समजा जाहिरात अशी आहे: “पाहिजे, अकौंट्स असिस्टंट. टॅली व जीएसटीचे ज्ञान आवश्यक. अनुभवीस प्राधान्य. कन्नड बोलता येणे आवश्यक.” इथं चार गोष्टी मागितल्यात. टॅली, जीएसटी, अनुभव, कन्नड. अर्जात या चारांची उत्तरं हवीत, तीही पुराव्यानिशी. “मला टॅलीचे उत्तम ज्ञान आहे” हा पुरावा नाही, दावा आहे. टॅलीत रोज काय करता ते सांगितलं की दावा करायची गरजच राहत नाही.

शेजारची एक मुलगी असाच अर्ज घेऊन माझ्याकडं आली होती. बी.कॉम. झालेली, शहापुरात एका कापड व्यापाऱ्याकडं दोन वर्षं हिशेब बघणारी. तिच्या अर्जात सहानुभूती दोनदा होती, जीएसटी एकदाही नव्हता. आम्ही दोघींनी चहा घेत घेत तो असा केला:

“विषय : अकौंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज

मा. महोदय,

टॅली व जीएसटीचे काम जाणणारी व्यक्ती आपल्याला हवी असल्याची जाहिरात रविवारी वाचली. मी बी.कॉम. असून गेली दोन वर्षे शहापूर येथील एका कापड व्यापाऱ्यांकडे हिशेबाचे काम पाहते.

रोजची खरेदी-विक्री टॅलीत चढवणे, बँकेच्या खात्याशी मेळ घालणे आणि जीएसटीआर-१ साठीची बिलांची यादी तपासून महिन्याच्या ५ तारखेपर्यंत सीएंकडे देणे ही कामे मी एकटी करते. आमचा माल कोल्हापूर-सांगलीकडे जातो तसाच हुबळी-धारवाडकडेही. त्यामुळे आयजीएसटीची आणि सीजीएसटी-एसजीएसटीची, अशी दोन्ही प्रकारची बिले माझ्या हातून रोज होतात. व्यापाऱ्यांकडील थकबाकीसाठी मराठी, कन्नड व हिंदीत फोनवर पाठपुरावा करते.

कारखान्यातील जॉबवर्कच्या चलनांचे काम मी अद्याप केलेले नाही. ते शिकून घेईन. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागेल. मुलाखतीसाठी कोणत्याही दिवशी सकाळी १० पूर्वी येऊ शकते.

सोबत बायोडाटा जोडला आहे.

आपली विश्वासू,”

बस्स. पानभरसुद्धा नाही. यातलं एक वाक्य बाजूला काढून बघण्यासारखं आहे, ते म्हणजे दोन प्रकारच्या बिलांचं. राज्याबाहेर माल गेला की आयजीएसटी लागतो, राज्यातल्या राज्यात गेला की सीजीएसटी आणि एसजीएसटी. बंगळूरच्या एखाद्या अकौंटंटच्या हातून महिन्याकाठी राज्याबाहेरची चार बिलं जात असतील. आमच्याकडं तासाभराच्या अंतरावर दुसरं राज्य, त्यामुळं हा घोळ रोजचा, आणि चुकीचा कर लावला तर निस्तरताना नाकी नऊ येतात. त्या मुलीला हे रोज करूनही त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. “त्यात काय लिहायचं काकू, ते तर करावंच लागतंय की,” म्हणाली. जे रोज करावंच लागतं तेच तर मालकांना हवं असतं.

दुसरं वाक्य, जॉबवर्क, म्हणजे एका कारखान्यानं दुसऱ्याकडून करून घ्यायचं काम, त्याची चलनं केलेली नाहीत हे सांगणारं. ते घालायला ती तयार नव्हती. मी आग्रह धरला. मुलाखतीत ते पाचव्या मिनिटाला बाहेर पडणारच होतं. आणि एक गोष्ट येत नाही म्हणून स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाच्या बाकीच्या ओळी खऱ्या वाटतात. मात्र अशी कबुली एकच आणि एका ओळीत. येत नाही त्याचीच यादी कोणी वाचत बसत नाही. आणि जाहिरातीत ‘आवश्यक’ म्हणून छापलेलीच गोष्ट येत नसेल, तर ही युक्ती कामाची नाही.

ज्यांनी अजून कुठं नोकरीच केली नाही, ते विचारतात, आम्ही काय लिहायचं? आयटीआयची दोन वर्षं झाली ना? त्यात हातानं काय बनवलं? कुठल्या लेथवर? मायक्रोमीटर हातात धरला का, की फक्त बघितला? ॲप्रेंटिस म्हणून कुठं काढलेले महिने हा अनुभवच असतो, तो ‘फ्रेशर’ या शब्दाखाली गाडून टाकू नका. सुट्टीत मामाच्या किराणा दुकानात उधारीची वही सांभाळली असेल तर विक्रीच्या नोकरीला तेसुद्धा चालतं. गणपती मंडळाचा खजिनदार होता? वर्गणीचा हिशेब फलकावर लावला? लिहा. मी असा एक अर्ज निवडला होता आणि मालक हसले होते. पण बोलावला त्याला.

चार भाषा, आणि त्या छंदांच्या शेजारी

आपल्या भागातल्या बायोडाट्यांतली सगळ्यात वाया गेलेली ओळ सांगते. शेवटच्या कोपऱ्यात असते. “लँग्वेजेस नोन : मराठी, कन्नड, हिंदी, इंग्लिश.” खाली लगेच “हॉबीज : क्रिकेट, गाणी ऐकणे.”

घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही, टीव्हीवर हिंदी. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण एखाद्या कारखान्याचं रोजचं काम बघा. गिऱ्हाईक कोल्हापूर-पुण्याचं. ट्रान्सपोर्टवाला हुबळीचा. लेबर ऑफिसची नोटीस कन्नडमध्ये. मोल्डिंगला उत्तरेकडची मुलं, त्यांच्याशी हिंदी. ड्रॉइंग आणि ईमेल इंग्रजीत. या सगळ्यांशी बोलू शकणारं माणूस पुण्याहून आणायचं म्हटलं तर मिळत नाही, आणि निपाणीच्या स्टँडवर उभं राहिलं तर दहा भेटतात. तेव्हा भाषा छंदांच्या रांगेतून उचलून अर्जाच्या मधल्या परिच्छेदात आणायच्या आणि त्या कामाला जोडून सांगायच्या. “कन्नड येते” असं नुसतं लिहून भागत नाही. “कन्नडमधली सरकारी पत्रं वाचून मालकांना मराठीत सांगतो”, “ड्रायव्हरशी कन्नडमध्ये बोलून गाडी कुठवर आली ते कळवतो”, असं.

इथं खरं बोलणं जरुरीचं आहे. बोलता येणं, वाचता येणं आणि लिहिता येणं या तीन वेगळ्या गोष्टी. आपल्यातल्या पुष्कळांना कन्नड बोलता येतं, पण लिहायचं म्हटलं की पेन अडतो. तसंच लिहा: “कन्नड सफाईने बोलतो, वाचतो; लिहिण्याचा सराव कमी.” आमच्याकडं एकानं ‘कन्नड उत्तम’ लिहिलं होतं. मालकांनी मुलाखतीत त्याच्यापुढं कन्नड पेपर सरकवला. पुढचं सांगत नाही.

अर्ज कुठल्या भाषेत लिहायचा, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. माझा ठोकताळा साधा आहे: जाहिरात ज्या भाषेत, अर्ज त्या भाषेत. मराठी शाळा, मराठी पतसंस्था, मराठी पेपर, वाचनालय, तिथं मराठीतच, आणि शुद्धलेखन तपासून. कंपनी मोठी असेल, एचआरचं वेगळं खातं असेल तर इंग्रजी. जाहिरात कन्नड असेल तर कन्नडमध्ये लिहा, आणि मोबाइलवर भाषांतर करून तसंच पाठवू नका. कन्नड शाळेतल्या एखाद्या गुरुजींना दाखवा. सरकारी भरतीचं मात्र वेगळं. तिथं ऑनलाइन फॉर्म असतो, पत्राला जागाच नाही, आणि कर्नाटकच्या पदांना कन्नडची परीक्षा लागते का हे जाहिरातीच्या बारीक अक्षरात बघावं लागतं.

इंग्रजीत लिहिताना एक गंमत होते. आपण मराठी अर्जातली कचेरी उचलून तिथंही नेतो. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘आय बेग टू स्टेट’, ‘किंडली डू द नीडफुल’. ‘डिअर सर ऑर मॅडम’ पुरतं. लहान वाक्यं लिहा. ज्या शब्दाचा अर्थ मुलाखतीत विचारला तर सांगता येणार नाही, तो शब्द अर्जात नको. दुसऱ्याकडून सुंदर इंग्रजी लिहून घेतलेले अर्ज पहिल्या प्रश्नाला उघडे पडतात. मराठीतही तेच: ‘स. न. वि. वि.’ काकांच्या पत्राला शोभतं, कारखान्याच्या अर्जात ‘मा. महोदय’ किंवा ‘मा. महोदया’ बास. नाव माहीत असेल तर नावानं लिहा.

पलीकडच्या राज्यात अर्ज करताना

शिनोळी, कागल, गोकुळ शिरगाव, ही सीमेपलीकडची, महाराष्ट्रातली कारखान्यांची गावं. निपाणीच्या पोराला कागल हुबळीपेक्षा कितीतरी जवळ. पण तिथला वाचणारा आपल्याला ओळखत नाही, आणि आपले कागद त्याच्या सवयीचे नाहीत. त्याच्या मनात ज्या शंका येणार त्या आपणच आधी मिटवायच्या.

पहिली शंका शिक्षणाची. आपण एसएसएलसी म्हणतो, तिकडं दहावी. आपलं पीयूसी दुसरं वर्ष म्हणजे तिकडची बारावी. आपल्या मार्क्स कार्डाला तिकडं गुणपत्रिका म्हणतात. ‘एसएसएलसी ५००’ असं नुसतं लिहिलंत तर कोल्हापूरचा माणूस बुचकळ्यात पडेल, कारण आपली एसएसएलसी ६२५ गुणांची, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ६२५ पैकी ५०० म्हणजे ८० टक्के. टक्के काढूनच लिहा: “दहावी (एसएसएलसी, कर्नाटक बोर्ड) : ८० टक्के.”

दुसरी शंका राहण्याची. पत्त्यात ‘कर्नाटक’ दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा लांबून येणार, खोली बघणार, दोन महिन्यांत परत जाणार. त्याला नकाशा तोंडपाठ नसतो. “निपाणीत राहतो, कागलला रोज मोटारसायकलनं येऊ शकतो, तिन्ही शिफ्ट चालतील” या एका ओळीनं काम होतं. चंदगडकडच्या कारखान्यांना बेळगावची मुलं सवयीची आहेत, तरी लिहा. पुण्याला करत असाल तर तिथं राहायची सोय आहे का ते सांगा. “बहिणीकडं चिंचवडला राहीन” हे घरगुती वाटेल, पण वाचणाऱ्याला तेच हवं असतं.

गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी बदललं. त्यामुळं जुन्या मार्क्स कार्डावर एक स्पेलिंग, आधारावर दुसरं. कुठलं बरोबर यावर आपल्याकडं कट्ट्यावर रात्र जाईल. अर्जात मात्र आधारकार्डावर आहे तेच, सगळीकडं सारखं. स्वतःच्या नावाचंही तसंच. मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरं, बँकेत पूर्ण नाव, कुठं आडनाव आधी, कुठं शेवटी, असा गोंधळ असतो. अर्जावर आधारकार्डावरचंच नाव लिहा. पुढं पीएफच्या वेळी आशीर्वाद द्याल.

महाराष्ट्र सरकारच्या भरतीत सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांसाठी वेगळी तरतूद असते. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि रहिवासाचा कुठला दाखला मागितलाय, हे जाहिरातीत बघून मगच फॉर्म भरा. सीमाप्रश्नावरचं मत मात्र अर्जात नको. हसू नका, आलेत असे अर्ज.

मधली वर्षं रिकामी असतील तर

नापास, वडिलांचं आजारपण, लॉकडाऊन, बाळंतपण, शेती. मधे वर्षं गेली की अर्जदार दोन टोकांना जातो. एक तर ती वर्षं लपवतो, नाहीतर अर्धं पान दुःख लिहितो.

याचा एक फार चांगला नमुना मद्रासचा आहे. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी एका तरुणानं मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य अकौंटंटना कारकुनाच्या जागेसाठी अर्ज लिहिला. मॅट्रिक पास, पण पुढची एफ.ए., म्हणजे तेव्हाची कॉलेजची पहिली परीक्षा, नापास. अर्जात त्यानं काय सांगितलं? आपल्या कार्यालयात जागा रिकामी असल्याचं कळलं. मॅट्रिक झालोय, एफ.ए.पर्यंत शिकलो, काही प्रतिकूल कारणांमुळं पुढं शिकता आलं नाही. मात्र तेव्हापासून सगळा वेळ गणितात घालवतोय. काम नीट करीन याची खात्री आहे. सोबत मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधल्या एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र जोडलं. १ मार्चला तो ३० रुपये पगारावर रुजू झाला. तरुणाचं नाव श्रीनिवास रामानुजन.

गणिती म्हणून तो कोण होता ते सोडून द्या, नुसता अर्ज बघा. अपयशाला एक वाक्य, लगेच पुढच्या वाक्यात त्या काळात काय केलं ते, आणि त्याला जोडून तिसऱ्याच माणसाची साक्ष. रडगाणं नाही, लपवालपवीही नाही. आर्जवाची भाषा त्यातही आहेच, १९१२ साल होतं, एवढी सूट देऊ. आपल्याकडं हेच असं होईल: “२०२० ते २०२२ वडिलांच्या आजारपणामुळे नोकरी करता आली नाही. त्या काळात घरची दोन एकर उसाची शेती आणि कारखान्याच्या बिलांचे व्यवहार पाहिले.” झालं. बाळंतपणानंतर परत कामाला लागणाऱ्या बायकांना मी सांगते, त्याचं कारण द्यायचीसुद्धा गरज नाही. कधीपासून येऊ शकता ते लिहा.

शिफारशीसाठी कोणाचं नाव देत असाल तर त्यांना आधी विचारा. आमदारांचं नको. ज्यांनी तुमचं काम बघितलंय अशा फोरमनचं, सरांचं, जुन्या शेठचं द्या.

व्हॉट्सॲपवर

आता लहान कारखान्यांच्या गेटवर बोर्ड असतो, खाली मोबाइल नंबर. अर्ज म्हणजे मेसेज. येणारे मेसेज कसे असतात? “हाय सर”. मग दहा मिनिटांनी “जॉब आहे का”. मालक मशीनशेजारी उभे, हात ऑइलनं माखलेले; ते “हाय”ला उत्तर देत बसणार नाहीत. सगळं एकाच मेसेजमध्ये यावं. समजा व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, चालवायची जागा आहे:

“नमस्कार सर. गेटवर व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे हा बोर्ड पाहिला. आयटीआय मशिनिस्ट, होनग्याला एक वर्ष व्हीएमसीवर काम, फानुक कंट्रोल, सेटिंग स्वतः करतो. मच्छेत राहतो, रात्रपाळी चालेल. बायोडाटा सोबत पाठवतोय. भेटायला कधी येऊ?”

मोठ्या अर्जात जे, तेच इथं पाच ओळींत. रात्री अकराला पाठवू नका. डीपीवर तलवार घेतलेला फोटो असेल तर तेवढे दिवस बदला. ईमेल करत असाल तर विषयाच्या जागी पदाचं आणि तुमचं नाव, फाइल पीडीएफ, आणि फाइलचं नाव ‘न्यू फायनल २’ असं नसून तुमचं नाव असावं. ‘रॉकिंग’, ‘किंग’ वगैरे असलेले ईमेल पत्ते दहावीत ठीक होते.

पगाराचा आकडा विचारला असेल तरच लिहा. ‘समक्ष भेटा’ असं छापलं असेल तर पोस्टानं पाठवू नका, जा. आठवड्यानं एक फोन करायला हरकत नाही, रोज नको. आणि नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला अर्जही देऊ नका, झेरॉक्सही देऊ नका.

चुकांबद्दल मी फार शहाणपण शिकवू नये. माझ्या पहिल्या नोकरीसाठी मी एकच अर्ज कार्बन लावून तीन ठिकाणी पाठवला होता, वरचं नाव तेवढं बदलून. एका ठिकाणी आत, तिसऱ्या ओळीत, दुसऱ्याच कारखान्याचं नाव राहिलं. त्या शेठजींनी मला बोलावलं, अर्ज समोर ठेवला आणि विचारलं, “बाळ, तुला तिकडं जायचंय की इकडं?” नोकरी दिली नाही, चहा दिला.

म्हणून पाठवायच्या आधी अर्ज मोठ्यानं वाचा, आणि शेवटी मोबाइल नंबर एकेक आकडा बोट ठेवून तपासा. खानापूरच्या पलीकडं, जांबोटी-कणकुंबीच्या रानात राहणाऱ्यांनी दुसरा एक नंबरही द्यावा, गावातल्या किंवा बेळगावातल्या नातेवाइकाचा, नात्यासकट, कारण तिथं रेंज येते ती टेकडीवर चढल्यावर.

एका वर्षी पॅटर्न शॉपसाठी, जिथं साच्यांचे लाकडी नमुने बनवतात, आलेल्या अर्जांत एक अर्ज कणकुंबीकडचा होता. सुतारकी घरची, आयटीआय केलेली, कुठली लाकडं वापरली आणि किती बारकाईनं माप काढतो, सगळं एका पानात, सुवाच्य अक्षरात. मालकांनी वाचला आणि म्हणाले, ह्याला आजच बोलवा. मी फोन उचलला. नंबरात नऊच आकडे होते. दुपारी पोस्टकार्ड टाकलं. तो आला बाराव्या दिवशी, डबा घेऊनच आला होता. जागा आठव्या दिवशी भरली होती.